पूजेतला बारा नंबरचा पाना

मी भित्री आहे, हे आधीच सांगून टाकते. तलासरीच्या एका दवाखान्यात मी रक्त तपासायचं काम करते आणि तिथे भित्रेपणाला कोणी नावं ठेवत नाही. नळीवरचं नाव दोनदा वाचायचं, आकडा शंकेचा वाटला की नमुना पुन्हा मशीनमध्ये घालायचा, हा तिथे कामाचाच भाग. घरी मात्र गॅस बंद केला का ते बघायला मी फाटकातून परत फिरले की सासूबाई म्हणतात, "आली आमची भित्री भागूबाई." नवरा हसतो. सासरे कधी हसले नाहीत. "बोटीवर असं एक तरी माणूस पायजे," एवढंच म्हणायचे.

गेल्या दसऱ्याच्या आधीची गोष्ट. एका सकाळी कामावर निघताना गाडीखाली वाळूत लाल डाग दिसला. माझ्या डोळ्यांना लाल म्हणजे रक्तच. एखादं मांजर चाकाखाली सापडलं की काय असं वाटलं. वाकून बोट लावलं तर तेल होतं. मग रोजच डाग पडायला लागला, वळताना गाडी कण्हायला लागली, आणि एक दिवस डहाणूच्या बाजारात वळण घेताना स्टीअरिंग एकदम इतकं जड झालं की एका मासळीवालीच्या पाटीवर चाक जाता जाता राहिलं. त्या बाईने माझा जो उद्धार केला तो इथे लिहिण्यासारखा नाही, पण तिचं काही चुकलं नव्हतं.

सासरे गाडीखाली शिरले, बाहेर आले, हात पुसत म्हणाले, "रॅक गेला."

रॅक म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. आपण स्टीअरिंग फिरवतो ते एका दांड्यावाटे खाली उतरतं आणि आडव्या नळीसारख्या एका भागाला जाऊन मिळतं. तो भाग पुढची दोन्ही चाकं डावीकडे-उजवीकडे ढकलतो, आणि ढकलायला त्याला तेलाचा जोर असतो. आमचं घर डहाणूजवळच्या आगर गावात, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. खाऱ्या हवेत खिडकीचे गज टिकत नाहीत, तिथे गाडीच्या पोटातली नळी काय टिकणार. थोडक्यात, समोरून ट्रक आला की आपण ज्याच्या भरवशावर बाजूला होतो, ती ही वस्तू होती. हे समजल्यापासून माझी झोप गेली.

डहाणूतल्या गॅरेजवाल्याकडे सणाच्या गाड्यांची रांग होती. दिवाळीनंतर या, म्हणाला. सासरे म्हणाले, "कशाला दिवाळी? घरी करू."

हे ऐकून घरात कोणालाच नवल वाटलं नाही. सगळं आयुष्य त्यांनी धाकटी डहाणूच्या खाडीत बोटींची मशीनं उघडण्यात घालवलेलं. भर समुद्रात मशीन बंद पडलं तर कोणाला बोलावणार, आपला हात आणि आपला पाना, असं ते म्हणायचे आणि तसंच जगले. नवऱ्याने वापीहून नवा रॅक आणला. तो उंबरगावच्या कारखान्यात शिफ्टवर जातो, त्यामुळे नवमीच्या आदल्या दिवसापासून काम धरायचं आणि नवमीच्या संध्याकाळी हत्यारांच्या पूजेच्या आत संपवायचं ठरलं. सगळे खुशीत होते. मला मात्र एक गोष्ट ठाऊक होती, आणि ती मी कोणाला सांगू शकत नव्हते.

पावसाळ्यात सासऱ्यांची साखर तपासायची म्हणून मी घरीच त्यांचं रक्त काढलं होतं. दंडाला पट्टा बांधला, नेहमीच्या सवयीने म्हटलं, "बाबा, मूठ आवळा." ते म्हणाले, "आवळलीय." मी पाहिलं. बोटं अर्धवट वळली होती आणि अंगठा नुसता वर टेकला होता. मी पुन्हा म्हटलं, "अजून जरा घट्ट." तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रोज कितीतरी माणसांना मी मूठ आवळायला सांगते, पण असं कोणी माझ्याकडे पाहिलेलं नाही. मी मान खाली घातली, शीर शोधली आणि नळी भरली. त्यानंतर लक्षात यायला लागलं. चहा आता ते अर्धाच ग्लास घेत. लोणच्याची बरणी माझ्यापुढे सरकवत आणि म्हणत, "तू उघड, मला वास लागतो हाताला." जन्मभर ज्याच्या हाताला डिझेल आणि बोंबलाचा वास, त्याला लोणच्याचा वास कधी लागायला लागला?

डॉक्टरकडे चला, असं मी एकदा सुचवून पाहिलं. "कशाला?" एवढंच विचारलं त्यांनी, आणि मी विषय तिथेच सोडला. मी झरीची, डोंगराकडची. नवरा खाडीकडचा. तलासरीच्या कॉलेजात आमचं जमलं तेव्हा दोन्हीकडे वादळ झालं होतं. आगरच्या घरात "पोरीला आत घ्या" असं म्हणणारे पहिले सासरेच होते. त्या माणसाला, तुमच्या हातात जोर राहिला नाही, हे मी कोणत्या तोंडाने सांगणार होते?

काम सुरू झालं. गाडी जॅकवर चढवून खाली लाकडी ओंडके घातले, बोट वाळूवरून ओढताना घालतात तेच. चाकं काढली. रॅक सोडवताना स्टीअरिंग मोकळं फिरलं तर मधलं निशाण चुकतं, म्हणून सासऱ्यांनी ते जाळ्याच्या दोरीने सीटला बांधून टाकलं. ती गाठ बघून नवरा म्हणाला, "आता वादळ आलं तरी हलणार नाही." गंजलेले नट काही केल्या सुटेनात. रॉकेल पाजून रात्रभर ठेवले. दुसऱ्या दिवशी नवरा गाडीखाली आडवा पडून पान्याला लोखंडी पाइप अडकवून ओढत होता आणि सासरे शेजारी उकिडवे बसून सांगत होते. हिसका मारू नको. श्वास सोड आणि ओढ. जुना रॅक निघाला तेव्हा त्यातून तेल ठिबकत होतं. सासूबाईंनी तो मेलेल्या घुशीसारखा चिमटीत धरायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला, कारण तो चांगलाच जड होता.

खालची सगळी जड कामं नवऱ्याने केली, हे मी स्वतः पाहत होते, म्हणून दुपारपर्यंत माझा जीव बऱ्यापैकी भांड्यात होता. नवा रॅक बसला. नळ्या जोडल्या, तेल भरलं, दोरी सोडून चाकं अधांतरी असतानाच स्टीअरिंग या टोकाकडून त्या टोकाकडे फिरवत तेलातली हवा काढली. डबीतले बुडबुडे थांबले. आता एकच बोल्ट राहिला होता. वरून येणारा दांडा जिथे रॅकला मिळतो, त्या सांध्याचा. तो गाडीच्या आत, ब्रेकच्या पायपट्टीच्या वर, काळोख्या कोपऱ्यात असतो. नवऱ्याने तो हाताने लावून ठेवला होता, नुसता अडकवलेला. तो पक्का करायला नवरा आत वाकला तेव्हा सासरे म्हणाले, "सर. शेवटचा आटा माझा."

हाही त्यांचा जुना नेम. बोटीचं मशीन कोणीही जोडो, शेवटच्या बोल्टाचा शेवटचा आटा, म्हणजे आवळायचा शेवटचा फेरा, घरातल्या मोठ्या माणसाने द्यायचा. त्याने एक तर आशीर्वाद लागतो, आणि दुसरं म्हणजे काही झालं तर जबाबदार कोण ते ठरलेलं असतं. त्यांच्या वडिलांनी दिला, वडील गेल्यावर त्यांनी दिला. नवरा लगेच बाजूला झाला.

सासरे गुडघ्यांवर बसले, डोकं पायपट्ट्यांच्या मध्ये घातलं आणि बारा नंबरचा रिंग पाना आत नेला. तिथे पाइप अडकवायला जागा नाही, सगळं काम मनगटाचं. मी दाराशी उभी होते. बोल्ट पक्का होताना शेवटी लोखंड एकदा कुरकुरतं. दिवसभर ती कुरकुर ऐकून माझ्या कानात बसली होती. मी तिची वाट पाहत राहिले. आतून सासऱ्यांचा श्वास ऐकू येत होता. पाना दोनदा सटकला. मग बराच वेळ काही नाही. मग ते बाहेर आले, कपाळावर घाम, आणि म्हणाले, "झालं."

कुरकुर झाली नव्हती.

तेवढ्यात घरातून सासूबाईंची हाक आली, "अवो, हत्यारं आणा, पूजेची वेळ जाते." नवऱ्याने चाकं चढवली, गाडी उतरवली, पाने पुसले आणि आत नेले. मी त्याला पडवीत गाठलं. हळूच म्हटलं, "तो आतला बोल्ट तू एकदा बघ ना."

"बाबांनी केलाय."

"म्हणूनच म्हणते."

"तुझ्या दवाखान्यातली सवय आहे ही," तो म्हणाला. "बाबांनी जोडलेल्या मशीनवर अख्खा गाव समुद्रात जायचा." माझ्या जिभेवर होतं ते मी गिळलं. सांगितलं असतं तर तो सरळ बाबांच्या हातातून पाना काढून घेणार होता, आणि तेही सासूबाईंसमोर.

पूजा झाली. पाटावर लाल कापड, त्यावर लहानापासून मोठ्यापर्यंत पाने, हातोडी, कोयती, मासे कापायची विळी. प्रत्येकाला हळद-कुंकवाचं बोट आणि झेंडूचं फूल. आमच्याकडे झरीलाही नांगर-कोयते असेच मांडतात, पण तिथे दसऱ्याच्या दुपारी कोणाला गरज लागली तर उचलतात, देव काही रागावत नाही. सासऱ्यांचा नेम कडक. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ते स्वतः पूजा उठवेपर्यंत कोणी हात लावायचा नाही. "पूजेतलं हत्यार उचललं की ते वर्षभर रुसतं," असं ते म्हणतात. एकदा नवऱ्याने लहानपणी पूजेतला पेचकस उचलला होता, तेव्हा बसलेली थप्पड तो अजून सांगतो. म्हणजे बोल्ट तपासायचा तर पाना पूजेत, आणि दसऱ्याला आम्हाला झरीला जायचं होतं. माझ्या माहेरी त्या दिवशी लवकर पिकणाऱ्या हळव्या भाताच्या नव्या तांदळाचं जेवण असतं. आगरची माणसं त्या जेवणाला यावीत म्हणून माझ्या वडिलांनी किती वर्षं वाट पाहिली होती, ते मला माहीत होतं.

दसऱ्याच्या सकाळी नवरा पहाटेच्या शिफ्टला निघून गेला होता. मी लवकर उठले आणि काय करणार ते मनाशी पक्कं केलं. पाना घ्यायचा, बोल्ट आवळायचा, पाना जागेवर ठेवायचा, फूल नीट करायचं. वर्षभर रुसला तर रुसू दे. मी पाटाशी गेले. दहा-अकराचा होता. त्याच्या पुढे चौदा-पंधराचा होता. मधली जागा रिकामी होती, नुसतं एक झेंडूचं फूल पडलं होतं.

नवमीच्या संध्याकाळी मी स्वयंपाकघरात वडे तळत होते, पाटावर काय काय मांडलं ते मी मोजलं नव्हतं. म्हणजे तो पाना पूजेत आलाच नव्हता तर? म्हणजे तो गाडीतच राहिला होता तर? मी टॉर्च घेऊन बाहेर धावले. पायपट्ट्यांखाली पाहिलं. ब्रेकच्या खाली पाना सरकला तर ब्रेक दाबलाच जाणार नाही, हे माझ्या भित्र्या डोक्याला न सांगता कळतं. तिथे नव्हता. गाडीखाली झोपून पाहिलं. रॅकच्या वर एखाद्या खोबणीत पडला असेल तर खालून दिसणारही नव्हता, आणि नेमका वळणावर चाकाच्या दांड्यात अडकला असता. नवऱ्याला फोन लावला. मशीनच्या आवाजात तो ओरडून म्हणाला, "असेल तिथेच कुठे तरी, बाबांना विचार." बाबांना विचार! तेवढंच तर करता येत नव्हतं.

तरी विचारलं. सासरे अंगणात कडुलिंबाखाली बसले होते, मांडीवर कापडी पिशवी. मी अगदी सहज विचारल्यासारखं दाखवलं. "बाबा, पाने सगळे मिळाले ना?"

"मिळाले," ते म्हणाले. माझ्याकडे न बघता.

मग मी दुसरी वाट धरून पाहिली. सासूबाईंना म्हटलं, बसने जाऊ या का, सणाची हायवेला गर्दी असते. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी उपाशी राहू म्हटलं. "पूजा केलेली गाडी दारात ठेवून बसने? मग लोकं बोलतील, म्हाताऱ्यानं केलेल्या कामावर घरच्यांचाच विश्वास नाय." सासऱ्यांचे कान आमच्याकडे होते. नाही म्हणावं तर त्यांचा सगळा जन्म मी अंगणात मातीला मिळवणार. हो म्हणावं तर मागच्या सीटवर माझी चार वर्षांची लेक. इकडे आड, तिकडे विहीर म्हणतात ना, त्या दिवशी मी दोन्हींच्या मधल्या पायवाटेवर उभी होते.

मी हो म्हटलं.

गाडीला झेंडूचा हार होता. पुढच्या चाकांखाली लिंबं ठेवली होती. मी क्लच सोडला, लिंबं फुटली, आणि त्या फुटण्याच्या आवाजानेही माझा पाय ब्रेककडे गेला. लेक टाळ्या वाजवत होती. सासूबाई तिला मांडीवर घेऊन मागे बसल्या होत्या. सासरे माझ्या शेजारी, पिशवी पोटाशी धरून. आत नारळ आणि आपट्याची पानं असणार, असं मी धरून चालले.

स्टीअरिंग हलकं झालं होतं, एका बोटाने फिरावं इतकं. पण रस्ता सरळ असताना ते किंचित डावीकडे कललेलं राहत होतं. चाकांचं माप सणानंतर करून घ्यायचं होतं, ते नवऱ्याने आधीच सांगितलं होतं, म्हणजे त्यात भिण्यासारखं काही नव्हतं. पण भीती कधी कारण विचारून आत येते? डहाणूच्या बाजारातून जाताना मी इतकी हळू चालवत होते की फुलांचे भारे लादलेला सायकलवाला आम्हाला मागे टाकून गेला. "आई, आपण गाडीत का बसलो?" लेकीने विचारलं. सासूबाई हसल्या. "तुझी आय नवरीची मिरवणूक काढते."

स्टेशन मागे पडलं, चारोटीचा रस्ता लागला. दोन्हीकडे चिकूच्या वाड्या, मग पिवळं पडत चाललेलं भात. प्रत्येक वळणावर मी कान टवकारत होते. आणि मग मला तो आवाज ऐकू आला. डावीकडे वळताना काही नाही. उजवीकडे वळताना, पायाजवळून, एक बारीक टक. पुढच्या उजव्या वळणाला पुन्हा टक. मी स्टीअरिंग इतकं घट्ट धरलं होतं की खांदे दुखायला लागले. तो सैल बोल्ट होता, का दांड्यावर घरंगळणारा पाना, का माझ्याच डोक्यातलं काही? सांधा सुटला तर काय होईल ते मला डोळ्यांसमोर स्वच्छ दिसत होतं. स्टीअरिंग हातात गरगर फिरेल आणि गाडी आपल्या मनाने जाईल. पुढे हायवे होता, गुजरातहून मुंबईकडे जाणारे कंटेनर एकामागे एक.

सासूबाई बोलतच होत्या. कोणाच्या मुलाचं लग्न ठरलं, कोणत्या बोटीला यंदा पापलेट लागलं. मध्येच महालक्ष्मीच्या डोंगराचा सुळका दिसला, तेव्हा त्या थांबल्या आणि हात जोडून म्हणाल्या, "जोड हात, माय बसली वर." या रस्त्यावर गाडी चालवणारा प्रत्येक जण एक हात सोडून छातीला लावतो. मीही रोज लावते. त्या दिवशी माझा हात स्टीअरिंगवरून सुटलाच नाही. मी मनात म्हटलं, माय, आज डोळ्यांनीच नमस्कार घे.

तेव्हा माझं सासऱ्यांकडे लक्ष गेलं. त्यांनीही हात जोडले नव्हते. त्यांचा उजवा पाय पुढच्या पत्र्यावर दाबलेला होता, जिथे ब्रेक असता तर लागला असता. उजवीकडे वळताना टक झालं, आणि त्यांची मान किंचित हलली. त्यांनाही ऐकू आलं होतं. मला वाटलं होतं की गाडीत मी एकटीच घाबरलेली आहे. तसं नव्हतं हे कळल्यावर धीर यायला हवा होता, पण माझी भीती दुप्पट झाली. समुद्रात अख्खी हयात काढलेला माणूस घाबरतो, तेव्हा तिथे भिण्यासारखं काही तरी नक्की असतं.

हायवे जवळ आला. एका चिंचेखाली एक बाई काकड्या विकत बसली होती. सासरे म्हणाले, "हितं बाजूला घे, बाय."

मी गाडी घेतली. ते सासूबाईंना म्हणाले, "पोरीला घेऊन उतर जरा. काकड्या घे व्याह्यांसाठी."

"काकड्या? झरीला? त्यांच्या मळ्यात काकड्यांना काय तोटा?"

"घे सांगितलं तर."

त्या पुटपुटत उतरल्या, लेकीला घेऊन चिंचेकडे गेल्या. त्या भाव करायला बसेपर्यंत सासरे तिकडेच बघत होते. मग त्यांनी पिशवीत हात घातला, नारळ बाजूला केला आणि खालून बारा नंबरचा पाना काढला. त्याच्या दांड्यावर हळद-कुंकवाचं बोट तसंच होतं.

ज्या माणसाने पोटच्या पोराला पूजेतल्या पेचकसासाठी थप्पड मारली, त्याने स्वतःच्या हाताने पूजा मोडली होती.

"पहाटे काढला," ते म्हणाले. आवाज नेहमीचाच, फक्त हळू. "तू उठायच्या आधी. लावून बघितला, बोल्ट हलला नाय."

"मग घट्ट असेल, बाबा."

"तेच कळत नाय. घट्ट हाय म्हणून हलला नाय, का माझ्या हातानं हलला नाय." त्यांनी उजवा हात पुढे केला, बोटं मिटायचा प्रयत्न केला आणि तसाच ठेवला. "तुला तर ठावं हाय. तू त्या दिशी बघितलंस."

ते घरीच का नाही सांगितलं, असा राग मला यायला हवा होता. लेक मागे बसली होती, हे त्यांना दिसत नव्हतं का? राग आला, खरंच आला. मग माझ्या लक्षात आलं की मीही घरी काही बोलले नव्हते. आणि त्यांनी पाना माझ्यासमोर धरला होता.

"शेवटचा आटा तू दे," ते म्हणाले.

मी खाली उतरले, रस्त्याच्या कडेच्या खडीवर गुडघे टेकले, डोकं आत घातलं. गाल ब्रेकच्या पायपट्टीला लागला. काळोखात चाचपून बोल्ट शोधला, रिंग त्याच्यावर बसवली. ओढलं. हलला नाही. क्षणभर इतकं बरं वाटलं की मी तशीच थांबले. मग दवाखान्यातली सवय आली. पुन्हा एकदा बघायचं. दोन्ही हातांनी पाना धरला, पाय खडीत रोवला, श्वास सोडला आणि ओढला.

बोल्ट फिरला. पाना काढून पुन्हा लावला, पुन्हा फिरला. पाव नाही, अर्धा नाही, जवळजवळ एक अख्खा आटा. आणि मग, कालपासून मी जिची वाट पाहत होते ती कुरकुर आली आणि तो थांबला. त्यानंतर कितीही जोर लावला तरी हलेना. मी तिथेच डोकं टेकून पडून राहिले. हायवेवरून जाणाऱ्या ट्रकांनी जमीन थरथरत होती. हा एक आटा राहिला असता तर, हा विचार मी तिथे पुरा केला नाही आणि अजूनही केलेला नाही.

"फिरला?" वरून आवाज आला.

"नाही बाबा," मी म्हटलं. "घट्टच होता."

मी बाहेर आले. ते दाराला धरून उभे होते. त्यांनी माझा उजवा हात धरला आणि उलटा केला, मी दवाखान्यात माणसांचा करते तसा. तळव्यावर पान्याच्या दांड्याचा लांबलचक खोल वळ उठला होता आणि त्यात कुंकू भरलं होतं. न फिरलेल्या बोल्टाने इतका वळ उठत नाही, हे त्यांच्याइतकं कोणाला कळणार होतं? त्यांनी तो वळ नीट पाहिला. मग आपल्या अर्धवट मिटणाऱ्या बोटांनी माझं एकेक बोट आत दुमडलं.

"मूठ आवळ," ते म्हणाले. "तुझी सासू येते."

काकड्या घेऊन सासूबाई आल्या, लेक आली, दारं लागली. पाना त्यांनी परत मागितला नाही. मी तो माझ्या पर्समध्ये ठेवला आणि गाडी हायवेला घेतली.